प्रथिनाचं काम करणारा पॉलिमर: एमएस्सीच्या प्रयोगशाळेत सुरुवात कुठून करायची

"सर, मला कृत्रिम एन्झाइम करायचाय." प्रोजेक्टचे विषय ठरवायच्या आठवड्यात दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी हे वाक्य घेऊन येतो. मी विचारतो, "समजा झाला तयार. तो चालतोय की नाही हे तुला कसं कळणार?" मग शांतता. बाहेर कॉलेज रोडवरचे हॉर्न तेवढे ऐकू येतात.

हा लेख त्या शांततेसाठी आहे. प्रथिनासारखा पॉलिमर (छोट्या रेणूंची लांब माळ) घडवायचा म्हणजे काय, कोणकोणते रस्ते आहेत, आणि नाशिकमधल्या साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांत खरोखर काय जमू शकतं, ते पायरीपायरीने लिहितो. शिकवायला लागण्याआधी मी सातपूरला एका चिकटद्रव्याच्या कारखान्यात होतो. त्यामुळे खाली व्हिनाइल अॅसिटेटबद्दल (तिथला कच्चा माल) थोडं प्रेमाने लिहिलं जाईल, ते चालवून घ्या.

पहिली पायरी: प्रथिनाची कामं सुटी करा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांचे प्रकार २०, आणि त्यांचा क्रम ठरलेला. तो क्रमच माळेची घडी ठरवतो, हे क्रिश्चन अॅन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ मण्यांच्या एन्झाइमवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनावर, दाखवलं. घडी उलगडली, परत योग्य पाण्यात ठेवली, तर एन्झाइम आपलं आपण पुन्हा घडी घालून कामाला लागतं. १९७२चं नोबेल त्यासाठी होतं. माळेचा कणा कुठे वळू शकतो आणि कुठे नाही, याचा नकाशा आपल्या जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासला बसून १९६३मध्ये काढला, आणि आजही जगभर प्रथिनाची प्रत्येक रचना त्या नकाशावर तपासली जाते.

आता १०० मण्यांची माळ घ्या. शक्य क्रम किती? एकावर १३० शून्यं. नक्कल करायला बसलेला माणूस इथेच घाबरतो, आणि घाबरायलाच हवं. पण निसर्गाने एवढं गुंतागुंतीचं यंत्र केलं ते एका कामासाठी नाही. त्याला पेशीत विरघळायचं होतं, चुकीच्या ठिकाणी चिकटायचं नव्हतं, वेळ आली की मोडीत निघायचं होतं, शिवाय मुख्य काम होतंच. तुम्हाला त्यातलं एकच हवं असतं. म्हणून कागदावर आधी यादी काढा: हे प्रथिन काय काय करतं? मग एका कामाभोवती गोल करा आणि बाकीच्यांवर काट मारा.

उदाहरण घेऊ. अंटार्क्टिकाच्या समुद्रात पाणी शून्याच्याही खाली असतं, तरी तिथले मासे गोठत नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आर्थर डेव्हरीज यांनी त्यांच्या रक्तात गोठणरोधी प्रथिनं शोधली. ही प्रथिनं तीन गोष्टी करतात. एक, गोठण्याचं तापमान वितळण्याच्या तापमानापेक्षा खाली ढकलतात. दोन, बर्फाच्या स्फटिकाचा आकारच बदलतात. तीन, आधीच तयार झालेले छोटे स्फटिक एकमेकांना गिळून मोठे होतात, ते थांबवतात. तिसरी गोष्ट तुम्ही घरी पाहिलेली आहे. फ्रीजरमधली कुल्फी लाइट गेल्यावर थोडी मऊ पडते, मग पुन्हा गोठते आणि दाताखाली खरखर लागते. छोटे स्फटिक विरघळले, मोठे आणखी वाढले. याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात.

१९९५मध्ये चार्ल्स नाइट आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, हा अगदी साधा पॉलिमर तिसरं काम फार चांगलं करतो. त्याच्यात अमिनो आम्लं नाहीत, ठरलेला क्रम नाही, घडी नाही. मण्यांचा प्रकार एकच. पण पहिलं काम तो जवळजवळ करत नाही. हाच मुद्दा मला या लेखात सांगायचाय: प्रथिनाचं एक काम उचलता येतं, सगळं प्रथिन उचलावं लागत नाही. मात्र कोणतं काम उचललं हे विसरलात, तर फसाल.

आमच्या एका विद्यार्थ्याचे काका निफाडला द्राक्षं पिकवतात. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा पार खाली घसरतो आणि मंडळी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात. काकांनी विचारलं, "मग हे तुमचं औषध वेलीवर फवारलं तर?" नाही. फवारून बर्फ पडायचा थांबणार नाही. पीव्हीए बर्फ वाढू देत नाही म्हणजे बर्फ होऊच देत नाही असं नव्हे; ती दोन वेगळी कामं आहेत. गोठवलेल्या रक्तपेशी वितळवताना मात्र त्याचा उपयोग दिसला आहे, कारण तिथे नुकसान स्फटिक वाढण्यानेच होतं. मॅथ्यू गिब्सन यांच्या गटाने २०१४मध्ये ते दाखवलं.

दुसरी पायरी: पॉलिमरच्या आधी परीक्षा

हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी अर्धे विद्यार्थी ऐकत नाहीत. फ्लास्क हातात घेण्याआधी चाचणी उभी करा. बाजारातला, आधीच माहीत असलेला पॉलिमर त्या चाचणीत पास होतो का, आणि नापास व्हायला हवा तो नापास होतो का, हे आधी बघा. चाचणीच डळमळीत असेल, तर सहा महिने कष्टाने बनवलेल्या पॉलिमरबद्दल तुम्ही काहीच सांगू शकणार नाही.

बर्फाची चाचणी अशी. फॉस्फेट बफर सलाइनमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं मिठाचं पाणी) पॉलिमर विरघळवा. एका मिलिलिटरमध्ये ०.१, १ आणि ५ मिलिग्रॅम, असे तीन नमुने करा. अॅल्युमिनियमचा जाड ठोकळा ड्राय आइसवर (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) ठेवून उणे ७८ अंशांपर्यंत थंड करा, त्यावर पातळ काच ठेवा. वरून साधारण दीड मीटर उंचीवरून १० मायक्रोलिटरचा थेंब सोडा. थेंब काचेवर आपटतो, पसरतो आणि क्षणात पातळ पापुद्रा होऊन गोठतो. त्यात अतिशय बारीक स्फटिक असतात. मग ती काच उणे ८ अंशांवर ३० मिनिटं ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली, आडव्या-उभ्या पोलराइजरमधून (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म) फोटो काढा.

थेंब सरळ पडावा म्हणून आम्ही दीड मीटर लांबीचा जुना पीव्हीसी पाइप स्टँडला बांधला. पाइप नसेल तर पंख्याच्या वाऱ्याने थेंब काचेच्या बाजूला पडतो आणि ड्राय आइस संपत जातो. पोलराइजरची फिल्म मोडक्या एलसीडी मॉनिटरमधून निघाली. सूक्ष्मदर्शक वनस्पतिशास्त्र विभागाकडून आणला, अर्थात दोन कप चहाच्या बोलीवर.

मीठ का लागतं? शुद्ध पाण्यात स्फटिक एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि साधा कुठलाही विरघळलेला पदार्थ त्यांच्यामधल्या सीमेवर अडकून त्यांची वाढ मंदावू शकतो. मग निष्क्रिय पॉलिमरसुद्धा शहाणा वाटतो. मीठ असलं की उणे ८ अंशांवर स्फटिकांच्या मध्ये द्रव पाण्याची पातळ रेघ राहते आणि खरी परीक्षा होते. ड्राय आइस मिळत नसेल, तर ४५ टक्के साखरेचं द्रावण दोन काचांमध्ये दाबून गोठवण्याची पद्धत आहे. ती हळू चालते पण स्वस्त पडते.

आता उणे ८ अंश. इथे आमचा एक आख्खा महिना गेला. पहिल्या वर्षी आम्ही घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या फ्रीजरमध्ये काच ठेवत होतो. आज पीव्हीए चालायचा, उद्या नाही. कोरा बफरसुद्धा कधी बारीक स्फटिक दाखवायचा, कधी दगडासारखे मोठे. मुलं रडकुंडीला आली, मीही पॉलिमरलाच दोष देत होतो. शेवटी एकाने आत थर्मामीटर ठेवून रात्रभर नोंद घेतली. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दिवसातून काही वेळा स्वतःचा बर्फ वितळवण्यासाठी हीटर लावतो, आणि तेवढ्या वेळात आतलं तापमान चांगलंच वर चढतं. आमचा प्रयोग कधी त्या वेळेत सापडायचा, कधी सुटायचा.

उपाय घरगुतीच निघाला. १२ टक्के मिठाचं पाणी साधारण उणे ८ अंशांना गोठायला लागतं. असं पाणी भरलेल्या बाटल्या अर्धवट गोठवून थर्मोकोलच्या खोक्यात चारही बाजूंनी लावल्या, मध्ये अॅल्युमिनियमची प्लेट, प्लेटवर काच. बाटलीत बर्फ आणि खारं पाणी दोन्ही असेपर्यंत तापमान फारसं हलत नाही. थर्मामीटरचा टोकाचा भाग प्लेटला चिकटवा, हवेत लटकवू नका. थोडे पैसे असतील तर पेल्टियर मॉड्यूल (विजेवर एका बाजूने थंड होणारी चकती) आणि तापमान-नियंत्रक घ्या. त्याची गरम बाजू बर्फाच्या पाण्याने थंड ठेवावी लागते, नाहीतर तो खाली उतरतच नाही.

मोजणी अशी: दृश्यात सगळ्यात मोठे १० स्फटिक निवडा, त्यांची सरासरी लांबी काढा, आणि कोऱ्या बफरच्या सरासरीशी टक्केवारीत तुलना करा. इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रत्येक नमुन्याचे किमान तीन थेंब. मोजणाऱ्याला नमुन्याचं नाव कळू देऊ नका. बाटल्यांवर एकाने आकडे लिहायचे, दुसऱ्याने मोजायचं. आपल्या पॉलिमरवर आपलं प्रेम असतंच, डोळा तिकडे झुकतो.

तुलनेसाठी पीईजी, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकोल, अवश्य घ्या. त्याच्यातही ऑक्सिजन भरपूर, पाण्यातही छान विरघळतो, पण हे काम तो करत नाही. पीईजीच्या थेंबात स्फटिक लहान दिसले, तर दोष तुमच्या चाचणीत आहे. पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: रस्ता निवडा

रस्ते ढोबळमानाने तीन. मी त्यांना समान जागा देणार नाही, कारण तुमच्या कामाला येणारा एकच आहे.

पहिला, क्रम नेमका ठेवायचा. यात पेप्टॉइड येतात. पेप्टाइडमध्ये अमिनो आम्लाची शेपटी कार्बनला लागलेली असते. पेप्टॉइडमध्ये ती नायट्रोजनला लावतात. एवढ्याने पोटातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स त्याला ओळखत नाहीत, म्हणून तो टिकतो. पण कण्यातला हायड्रोजन-बंधही जातो, आणि घडी घालायची तर ती जाडजूड शेपट्यांच्या धक्काबुक्कीतूनच घालावी लागते. रोनाल्ड झुकरमन आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये दिलेली कृती सुंदर आहे: रेझिनवर (माळ धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे दाणे) आधी ब्रोमोअॅसिटिक आम्ल डीआयसी या जोडणाऱ्या रसायनाच्या मदतीने चढवा, मग प्राथमिक अमाइन टाका, ते ब्रोमीनला हाकलून जागा घेतं. दोन टप्प्यांत एक मणी. धुवा आणि पुन्हा करा. शेवटी ९५ टक्के ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्लाने रेझिनवरून सोडवा. अमाइन बाजारात शेकड्यांनी मिळतात, म्हणून शेपट्यांची चंगळ. रॉबर्ट मेरीफिल्ड यांच्या १९६३च्या घन-आधारावरच्या संश्लेषणाची ही नातवंडंच.

फक्त एक हिशोब करून बघा. प्रत्येक मणी ९८ टक्के नीट बसला, तर २० मण्यांनंतर पूर्ण माळ सुमारे ६७ टक्के मिळते. ९५ टक्केच बसला, तर ३६ टक्के. म्हणून शुद्धीकरणाला एचपीएलसी लागतोच, आणि वस्तुमान तपासायला मास स्पेक्ट्रोमीटर. ते नसेल तर हा रस्ता धरू नका. ब्रोमोअॅसिटिक आम्ल कातडीवर फोड आणतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरा रस्ता, क्रम सोडायचा आणि प्रमाण धरायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण या रस्त्याने औषध बाजारात आलेलं आहे. ग्लॅटिरामर अॅसिटेट हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध ग्लुटामिक आम्ल, अॅलानिन, टायरोसिन आणि लायसिन या चार अमिनो आम्लांची सरमिसळ माळ आहे. प्रत्येक रेणूचा क्रम वेगळा, प्रमाण मात्र ठरलेलं. अमेरिकेत १९९६मध्ये त्याला मान्यता मिळाली. बर्कलीच्या टिंग शू यांच्या गटाने २०१८मध्ये चार मेथाक्रिलेट मोनोमरांची, म्हणजे सुट्या मण्यांची, सरमिसळ माळ दाखवली: मिथाइल मेथाक्रिलेट ५० टक्के, पाणीप्रेमी ऑलिगो-एथिलीन-ग्लायकोल मेथाक्रिलेट २५, चरबीप्रेमी एथिलहेक्झाइल मेथाक्रिलेट २०, आणि ऋणभाराचं सल्फोप्रोपाइल मेथाक्रिलेट ५. ही माळ प्रथिनाभोवती शालीसारखी गुंडाळली जाते, आणि टोल्युइनसारख्या द्रावकातही प्रथिन जिवंत राहतं. प्रथिनाच्या पृष्ठभागावर पाणीप्रेमी आणि पाणीद्वेषी चट्टे जसे पसरलेले असतात, तसे पॉलिमरच्या माळेत सरासरीने पसरवायचे, एवढीच कल्पना.

या रस्त्यावर जायचं असेल तर आधी संगणकावर बसा. प्रत्येक मोनोमर किती उतावळा आहे, म्हणजे त्यांची क्रियाशीलता-गुणोत्तरं काय, ती मेयो-लुइस समीकरणात टाकून पायथॉनमध्ये हजारो माळा ओढून बघता येतात. उतावळा मोनोमर आधी संपतो आणि माळेचं शेपूट वेगळंच निघतं. चारही मेथाक्रिलेट घेण्यामागचं एक कारण तेच: त्यांच्यात फार भांडण नाही.

तिसरा रस्ता, कामापुरती किमान नक्कल. पीव्हीए इथे बसतो. पहिल्या प्रोजेक्टला हाच.

चौथी पायरी: कोणता भाग काम करतो ते ठरवा

पीव्हीएच्या माळेत एकाआड एक कार्बनवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आहेत. त्यांच्यातलं अंतर आणि बर्फाच्या जाळीतलं अंतर एकमेकांशी जुळतं, म्हणून माळ स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटते असा तर्क आहे. तो खरा असेल तर तीन गोष्टी दिसायला हव्यात. माळ आखूड केली की असर एका लांबीखाली कोसळला पाहिजे. हायड्रॉक्सिलच्या ओळीत खंड पाडला की असर घटला पाहिजे. आणि नुसता ऑक्सिजन असून भागत नाही, म्हणून पीईजी नापास व्हायला हवा. प्रोजेक्टचा आराखडा यातूनच निघतो, वेगळा शोधावा लागत नाही.

लांबीबद्दल आधीचं काम सांगतं की १०च्या आसपास मणी असतील तर असर नगण्य असतो आणि २०च्या आसपास तो झपाट्याने वाढतो. म्हणून चार लांब्या ठरवा: सुमारे १०, २०, ६० आणि १००. बाजारातला पीव्हीए या कामाला चालत नाही, कारण त्यात लांब-आखूड सगळं एकत्र असतं. पण पहिल्या दिवशी चाचणी उभी करायला तोच घ्या. बाटलीवर 'पूर्ण हायड्रोलाइज्ड', ९८-९९ टक्के, असं लिहिलेलं पाहिजे. हा थंड पाण्यात विरघळत नाही. आधी थंड पाण्यात भिजवा, मग ९० अंशांवर ढवळत ठेवा. ८७-८९ टक्के वाला सहज विरघळतो, म्हणून मोह होतो, पण त्यात अॅसिटेट गट शिल्लक असतात. तोही घ्या, वेगळ्या बाटलीत, तुलनेसाठी.

पाचवी पायरी: माळ ओवायची

व्हिनाइल अल्कोहोल नावाचा मोनोमर बाटलीत मिळत नाही. तो तयार होताच अॅसिटाल्डिहाइड होऊन बसतो. म्हणून आधी व्हिनाइल अॅसिटेटचा पॉलिमर करायचा आणि नंतर अॅसिटेट काढून टाकायचं. सुताराच्या पांढऱ्या डिंकाचा हाच आत्मा. कारखान्यात आम्ही त्याच्या टाक्या भरायचो, लांबी-बिंबी कोण विचारतो. इथे मात्र लांबी हवी, म्हणून माळांची लांबी ताब्यात ठेवणारी राफ्ट पद्धत, जी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओमधून १९९८मध्ये आली. व्हिनाइल अॅसिटेटला त्यातलं झँथेट लागतं, म्हणजे माळांची वाढ आवरणारं एक गंधकयुक्त संयुग. मेथाक्रिलेटला चालणारे डायथायोबेन्झोएट इथे वापरलेत तर प्रतिक्रिया हलणारच नाही. मुलं हटकून हीच चूक करतात, कारण कपाटात तेच असतं.

हिशोब करून दाखवतो. मोनोमर आणि झँथेट यांचं मोलचं प्रमाण १००ला १. व्हिनाइल अॅसिटेटचा रेणुभार ८६.१, ०.१ मोल म्हणजे ८.६१ ग्रॅम. झँथेट म्हणून मिथाइल प्रोपिओनेटचं ओ-एथिल झँथेट, रेणुभार २०८. १ मिलिमोल म्हणजे ०.२०८ ग्रॅम. प्रतिक्रिया सुरू करणारं एआयबीएन झँथेटच्या एक पंचमांश, म्हणजे ०.२ मिलिमोल, ३३ मिलिग्रॅम. ६० टक्के मोनोमर संपला तेव्हा थांबलात, तर सरासरी माळ ६० मण्यांची. तिचा रेणुभार ६० गुणिले ८६.१ अधिक २०८, म्हणजे सुमारे ५,३७०. अॅसिटेट काढल्यावर एक मणी ४४ उरतो, म्हणजे टोकं सोडून माळ साधारण २,६४०. वजन निम्म्याने घटलं म्हणून घाबरू नका. दर वर्षी कोणीतरी घाबरतं.

व्हिनाइल अॅसिटेटमध्ये साठवणुकीसाठी निरोधक टाकलेला असतो. तो काढायला मोनोमर बेसिक अॅल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून गाळा आणि त्याच दिवशी वापरा. सगळं फ्लास्कमध्ये घालून सेप्टम (रबरी बूच) लावा, बर्फात ठेवा आणि अर्धा तास नायट्रोजन बुडबुडवा. बर्फ यासाठी की हा मोनोमर नायट्रोजनबरोबर उडून जातो आणि तुमचं १००ला १ प्रमाण बिघडतं. मग ६० ते ६५ अंशांचं तेलस्नान. गॅस बाहेर पडायला वाट ठेवा. एआयबीएन फुटताना नायट्रोजन सोडतो. व्हिनाइल अॅसिटेटची वाफ शून्याच्या खालीसुद्धा ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून शेजारी बर्नर नको, आणि ते काम धूर-कपाटातच.

थांबायचं कधी? घड्याळ बघून नाही. दर तासाने सिरिंजने थेंबभर काढा आणि एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी तपासणी) घ्या. तिच्या आलेखावर मोनोमरचा एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन, ७.२५ पीपीएमजवळ एकटाच दिसतो. ४.८५जवळ मोनोमरचा एक आणि पॉलिमरच्या कण्यातला एक, असे दोन एकमेकांवर बसतात. म्हणून ४.८५चं क्षेत्रफळ म्हणजे एकूण, ७.२५चं म्हणजे शिल्लक. शिल्लक भागिले एकूण, ते एकातून वजा केलं की संपलेला वाटा. एनएमआर हाताशी नसेल तर थेंबाचं वजन करा, वाळवा, पुन्हा वजन करा. काटा चांगला असेल तर हेही पुरतं. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही, धीर सोडू नका. ७० टक्क्यांच्या पुढे मात्र जाऊ नका. व्हिनाइल अॅसिटेटच्या माळा एकमेकांवर फांद्या फोडायला लागतात आणि लांबीचा हिशोब विस्कटतो. आखूड माळेसाठी झँथेट वाढवा, वेळ कमी करू नका.

झालं की फ्लास्क बर्फात, झाकण उघडून हवा आत. उरलेला मोनोमर निर्वातात काढून टाका.

सहावी पायरी: अॅसिटेट काढा, मग कण न् कण धुवा

पॉलिमर मिथेनॉलमध्ये विरघळवा, थोडं मिथेनॉलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाका, ढवळत ठेवा. काही वेळाने द्रावण गढूळ होतं, मग दह्यासारखं विरजतं, कारण पीव्हीए मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं प्रयोग बिघडला. उलट इथे तो जमत असतो. गाळा, ताज्या मिथेनॉलने धुवा. लांब माळा असतील तर गरम पाण्यात विरघळवून डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीतून अशुद्धी बाहेर जाऊ देणं) करा. अगदी आखूड माळा डायलिसिसच्या पिशवीतून निसटून जातात, त्या धुण्यावरच भागवा. शेवटी वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

धुण्याचा एवढा आग्रह का, ते चाचणीशी जोडून बघा. उरलेलं मिथेनॉल किंवा पोटॅशियम अॅसिटेट द्रावणाचा गोठणबिंदू बदलतं, आणि तुम्हाला वाटतं पॉलिमरने कमाल केली. म्हणून एक रिकामी फेरी करा: पॉलिमर न टाकता तीच सगळी कृती, तेच मिथेनॉल, तीच पिशवी, आणि शेवटी जे उरेल ते बफरमध्ये घालून थेंब टाका. या थेंबात स्फटिक कोऱ्या बफरइतकेच वाढले, तरच पुढचं खरं माना.

अॅसिटेट उरलंय का ते एनएमआरमध्ये २ पीपीएमजवळ दिसतं. तिथलं शिखर जवळजवळ गायब पाहिजे.

सातवी पायरी: एका वेळी एकच मोडतोड

चारही लांब्यांचे थेंब टाका आणि आकड्यांकडे एकत्र बघा. मग सगळ्यात चांगली लांबी घेऊन तिच्यात खंड पाडा. दोन मार्ग. एक, अॅसिटेट मुद्दाम अर्धवट काढा, ५, १० आणि २० टक्के उरवून. दोन, माळ ओवतानाच थोडं व्हिनाइल पायरोलिडोन मिसळा. तेही झँथेटला चालतं. दोन्ही पॉलिमर पाण्यात सुखाने विरघळतील, बाहेरून काही फरक दिसणार नाही. बर्फ मात्र ओळखतो की नाही, हेच बघायचंय. प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलून कोणता भाग महत्त्वाचा ते शोधतात ना, त्याचीच ही आपली गावठी आवृत्ती. लांबी आणि खंड दोन्ही एकाच नमुन्यात बदलू नका. गाईड म्हणून मला सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर घालावे लागतात. मुलांना एका बॅचमध्ये सगळं उरकायचं असतं.

प्रयोगशाळेतला पीव्हीए कुल्फीत घालून बघायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. झँथेटची शेपटी खाण्याची वस्तू नाही.

पोलराइजरमधून पहिल्यांदा बघाल तेव्हा रंगीत तुकड्यांची गोधडी दिसेल. कोऱ्या बफरचे स्फटिक भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले, चांगल्या पीव्हीएचे रव्यासारखे बारीक. फोटो काढताच फाइलला तारीख, थेंबाचा क्रमांक आणि प्लेटचं तापमान, तिन्ही लिहा. 'नवीन_फायनल_२' असल्या नावाने गेल्या वर्षी एका मुलीचे ४० फोटो वाया गेले. आणि रवा दिसला म्हणून लगेच पुण्याला जीपीसीसाठी (माळांची लांबी मोजणारी तपासणी) नमुना पाठवू नका, त्याला पैसे पडतात. आधी तीच लांबी दुसऱ्या मुलाकडून, दुसऱ्या आठवड्यात, नव्या झँथेटने पुन्हा करून घ्या. तिचाही रवा निघाला तर पाकीट तयार करा.